झोपलेल्या बाळाला काय कळतं?



या अंकाचं संपादकीय लिहायची पाळी माझी होती आणि विषय दुसराच ठरला होता. पण गेल्या कापूस वेचणीच्या हंगामात रोहण्याला जे घडलं, ते सांगितल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता येईना. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. आपल्यासारख्या चार पुस्तकं शिकलेल्या कार्यकर्त्यांकडून ती वारंवार होत असावी असं मला वाटतं, म्हणून आधी तीच सांगते.

रोहणा हे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं गाव. कापूस, तूर, सोयाबीनचा हा मुलूख. वेचणीच्या दिवसांत बायका उजाडताच वावरात जातात आणि दिवे लागायच्या वेळी परततात. त्यामुळे आमची बैठक रात्री जेवणं आटोपल्यावर असते. त्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने एक तक्ता घेऊन गेले होते. विषय होता, बाळाच्या पहिल्या तीन वर्षांत त्याचा मेंदू कसा घडतो. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात हा विषय मी शिकले होते, पुढेही आवडीने वाचत राहिले. बाळाशी बोला, त्याच्या डोळ्यांत पाहून हसा, त्याने आवाज केला की उत्तर द्या, घरात आरडाओरडा करू नका, कारण या वयात जे घडतं ते जन्मभर राहतं, असं सगळं मी सांगितलं. बायका शांतपणे ऐकत होत्या. मला वाटलं, बैठक छान झाली.

मग मागे बसलेली एक जण बोलली. पंचविशीच्या आतली, मांडीवर सव्वा वर्षाचा मुलगा. "सकाळी सहाले वावरात जा लागते ताई, अंधारले घरी या लागते. लेकराशी बोलाले येळ कवा हाय?" बायका हसल्या, मीही हसले. पण ती हसली नाही. बैठक संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "घरी रोजच भांडन व्हते. मंग माह्या लेकराचं डोकं बिगडलं का?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही. तिच्या घरी गेले तेव्हा कळलं की माझा तक्ता माझ्याआधीच तिथे पोचला होता. तिचा मुलगा उशिरा बोलतो आहे, अनोळखी आवाजाने दचकतो, आणि एरवी नको तितका गप्प असतो. त्याचं खापर आता राजरोस तिच्यावर फुटत होतं. सासू म्हणत होती, ताईनंच सांगितलं, माय बोलत नाही म्हणून लेकरू बोलत नाही. आणि रात्रीच्या मारहाणीचा विषय मी काढला तेव्हा त्याच सासूने मला शांतपणे सांगितलं, "थो झोपला व्हता ना. झोपलेल्या लेकराले काय समजते?"

(तिचं नाव मी इथे देत नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.)

घरी येताना दोन गोष्टी डोक्यात घोळत होत्या. एक म्हणजे, शास्त्राचं म्हणून मी जे सांगितलं ते एका बाईला झोडपायची नवी काठी झालं. दुसरी म्हणजे, सासूच्या प्रश्नाला शास्त्राकडे नेमकं उत्तर आहे, आणि ते मी बैठकीत दिलंच नव्हतं. ते आज देते.

आधी मेंदूबद्दल थोडं. जन्मतः बाळाच्या मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतं. पाच-सहा वर्षांचं होईतो ते जवळपास नव्वद टक्क्यांवर जातं. पण वजन वाढतं म्हणजे पेशी वाढतात असं नाही. बहुतेक पेशी जन्माआधीच तयार झालेल्या असतात. वाढतात ते त्यांच्यातले जोड. पहिल्या काही वर्षांत असे नवे जोड दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक संख्येने तयार होतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मेंदू आधी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोड करून ठेवतो. मग जे वापरले जातात ते पक्के होतात, जे वापरले जात नाहीत ते झडतात.

रोहण्याच्या बायकांना मी नंतर हे पांदणीच्या उदाहरणाने सांगितलं. वावरात जायला अनेक पायवाटा पडतात. जिच्यावरून रोज माणसं, बैलगाड्या जातात, तिची पांदण होते. जिच्यावरून कोणी जात नाही तिच्यावर गवत उगवतं. मेंदूतल्या अशा पक्क्या वाटांच्या जाळ्यालाच शास्त्रज्ञ मज्जामंडल म्हणतात. पाहणं, ऐकणं, बोलणं यांची मंडलं असतात, तशीच भीतीची, रागाची, आणि भीती वाटल्यावर पुन्हा शांत होण्याचीही असतात.

भावनांच्या मंडलात दोन भाग महत्त्वाचे आहेत. एक मेंदूच्या आत खोलवर, बदामाच्या आकाराचा, अ‍ॅमिग्डाला नावाचा. धोका ओळखून शरीराला सावध करणं हे त्याचं मुख्य काम. तो जन्मापासूनच कामाला लागलेला असतो. दुसरा कपाळामागचा भाग. 'थांब, घाबरू नकोस, विचार कर' असं सांगणारा. तो फार सावकाश पिकतो. पंचविशीच्या आसपास त्याची वाढ पुरी होते. म्हणजे बाळाकडे धोक्याची घंटा आहे, पण ती बंद करायची कळ अजून त्याच्या हातात नाही. ती कळ त्याला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात असते. बाळ रडतं, कोणी उचलून घेतं, थोपटतं, बाळ शांत होतं. हे हजारो वेळा झालं की 'भीती येते आणि जाते' ही वाट त्याच्या मेंदूत पडते. उद्या ते स्वतःच स्वतःला शांत करू शकतं.

रडून कोणीच आलं नाही, किंवा जे माणूस यायचं तेच घाबरलेलं असलं, तर धोक्याची घंटा वाजतच राहते. कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक शरीरात वारंवार वाढतं. थोडा तणाव वाईट नसतो, तो पचवूनच मूल मोठं होतं. पण रोजचा, सोबतीला कोणी नसलेला तणाव मेंदूला एकच धडा देतो, सतत सावध राहा. असं मूल मग आवाज झाला की दचकतं, चटकन मारतं, किंवा अगदी गप्प होतं. शाळेत त्याचं लक्ष लागत नाही, कारण त्याचं लक्ष दाराकडे असतं. आपण त्याला हट्टी म्हणतो, मठ्ठ म्हणतो.

आता सासूच्या प्रश्नाचं उत्तर. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात संशोधकांनी सहा ते बारा महिन्यांची वीस बाळं त्यांच्या नेहमीच्या झोपेच्या वेळी, गाढ झोपेत असताना, मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात ठेवली. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. झोपेतच त्यांना एका पुरुषाचा आवाज ऐकवला. अर्थहीन शब्द, पण सूर वेगवेगळे: आनंदी, साधा, थोडा रागावलेला, खूप रागावलेला. ज्या घरांत आईबापांची भांडणं जास्त होत असल्याचं आयांनी सांगितलं होतं, त्या घरांतल्या बाळांच्या मेंदूतले भावना आणि तणाव सांभाळणारे भाग खूप रागावलेल्या आवाजाला अधिक जोराने प्रतिसाद देत होते. बाळं झोपलेलीच होती. शब्दांना अर्थ नव्हता. तरी मेंदू ऐकत होता.

मोठ्या मुलांचंही असंच दिसतं. लंडनमधल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की घरात हिंसा अनुभवलेल्या मुलांना रागावलेले चेहरे दाखवले की त्यांच्या मेंदूत धोका ओळखणारे भाग इतर मुलांपेक्षा जास्त पेटतात. युद्ध पाहून आलेल्या सैनिकांत दिसावं तसं. ही मुलं आजारी नव्हती. त्यांचा मेंदू ज्या घरात वाढला, त्या घराला साजेसा घडला होता.

तेव्हा, झोपलेल्या बाळाला कळतं. आणि ही गोष्ट आपल्या राज्यात फार थोड्या घरांपुरती नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण दर चार बायकांपैकी एकीने नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. यांतल्या कितीतरी जणींच्या कुशीत त्या वेळी बाळ असेल. आपण घरातल्या मारहाणीला 'नवरा-बायकोचं भांडण' म्हणतो. पाळण्यात तिसरं माणूस आहे हे आपण मोजतच नाही.

पण मैत्रिणींनो, इथेच माझी चूक होती. मी बायकांपुढे हे शास्त्र ठेवलं ते 'आईने काय करावं' या यादीच्या रूपात. आणि यात मी पहिली नाही. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने एक अहवाल लिहिला. आईच्या सततच्या मायेवाचून वाढलेल्या मुलांचं मानसिक नुकसान होतं, असं त्यात मांडलं होतं. युद्धात अनाथ झालेल्या, संस्थांत वाढणाऱ्या मुलांकडे जगाचं लक्ष गेलं, हे त्याचं मोठं काम. पण त्याच मांडणीचा आधार घेऊन बायकांनी नोकऱ्या सोडून घरी बसावं, पाळणाघरं वाईट, असाही प्रचार झाला. पुढे काही काळ तर स्वमग्न मुलांच्या आजाराचं कारण आईचा थंडपणा आहे असं डॉक्टर सांगत. ते साफ खोटं निघालं. तोवर किती आयांनी स्वतःला जाळून घेतलं असेल कोण जाणे. आज आपल्याकडे गर्भसंस्काराच्या नावाखाली गरोदर बाईने काय ऐकावं, काय वाचावं, काय मनात आणावं याचे वर्ग निघतात. ती काय खाते आणि तिला कोण मारतं, याची चौकशी त्या वर्गांत होताना मी तरी ऐकली नाही.

खरं तर याच शास्त्राने आईवरचा आरोप केव्हाच खोडून काढला आहे. कॅनडात माँट्रियल येथे मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. काही उंदीरमाता पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. खूप चाटलेली पिल्लं मोठेपणी कमी घाबरट होतात. पिल्लांची अदलाबदल केली तर ती जन्म देणारीसारखी नव्हे, सांभाळणारीसारखी निघतात. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट, २००६ साली प्रसिद्ध झालेली. खूप चाटणाऱ्या मातेला गरोदरपणात तणावाखाली ठेवलं, तर तीही पिल्लांना कमी चाटू लागते. माया आटली ती तिच्या स्वभावाने नव्हे, तिला छळल्यामुळे.

दुसरी गोष्ट. अमेरिकेतल्या एडवर्ड ट्रॉनिक यांनी सत्तरच्या दशकात एक साधा प्रयोग केला. बाळाशी खेळणाऱ्या आईने काही मिनिटं चेहरा दगडासारखा निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसतं, हात पुढे करतं, ओरडतं, आणि शेवटी तोंड फिरवून घेतं. पाहणाऱ्याच्या काळजात कालवतं. पण याच ट्रॉनिक यांना असंही आढळलं की अगदी सुखी, निरोगी आई-बाळांचेही सूर दहापैकी जेमतेम तीन वेळाच जुळलेले असतात. बाकी वेळ चुकामूक आणि मग पुन्हा जुळवून घेणं. चुकणं हानिकारक नाही. पुन्हा जुळवायला सवड आणि बळच न उरणं हे हानिकारक. रोहण्याच्या त्या मुलीला हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

तिसरी गोष्ट बापांची. इस्रायलमध्ये २०१४ साली पहिलटकर आईबापांच्या मेंदूंचा अभ्यास झाला. ज्या बापांवर बाळाच्या संगोपनाची मुख्य जबाबदारी होती, त्यांच्या मेंदूतलं ते सावध, कनवाळू मंडल आयांइतकंच जागं झालेलं दिसलं. बाप बाळासोबत जितका वेळ घालवी, तितके त्याच्या मेंदूतले जोड घट्ट. 'बाळ बाईलाच कळतं' हे खरं, पण तिला गर्भाशय आहे म्हणून नव्हे. ती सांभाळते म्हणून कळतं. जो सांभाळेल त्याला कळेल.

आणि राष्ट्राच्या पातळीवर पाहायचं तर रुमानियाकडे पाहा. १९६६ साली चाउशेस्कूच्या सरकारने लोकसंख्या वाढवण्यासाठी गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी घातली. नको असताना, पोसायची ऐपत नसताना बायकांना मुलं जन्माला घालावी लागली. १९८९ च्या अखेरीस ती राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुलं सरकारी अनाथालयांत आढळली. खायला मिळे, पण उचलून घ्यायला कोणी नसे. २००० साली बुखारेस्टमध्ये १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना सांभाळणारी कुटुंबं शोधून दिली. संस्थेत राहिलेल्या मुलांच्या मेंदूतली विद्युत हालचाल क्षीण राहिली. कुटुंबात गेलेली, विशेषतः दोन वर्षांच्या आत गेलेली मुलं पुष्कळ सावरली. हा अभ्यास बालविकासाच्या वर्गात शिकवतात. तो स्त्रियांच्या शरीरावरच्या सक्तीतून सुरू होतो, हे मात्र मला वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

आता पुन्हा रोहण्याला येऊ. बाळाला शांत, वेळ असलेलं, भीती नसलेलं माणूस हवं, हे शास्त्र सांगतं. मग ते माणूस तसं राहावं म्हणून आपण काय केलं?

पहिलं, अन्न. मेंदूच्या तारांवरचं वेष्टण घडायला लोह लागतं, ब-१२ जीवनसत्त्व लागतं. त्याच २०१९–२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या जवळपास ६९ टक्के मुलांना आणि निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास चालवला. आईला गरोदरपणात ब-१२ कमी असलं तर नऊ वर्षांच्या वयात मुलांची लक्ष व स्मरणाची काही कामं कमी पडत असल्याचं त्यातून दिसलं. जिथे बाई सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाते, तिथे बाळाचा मेंदू जन्माआधीच तिच्या ताटाशी बांधलेला असतो.

दुसरं, विसावा. संघटित क्षेत्रातल्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली. आनंदच आहे. वावरात वेचणाऱ्या बाईला मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. सव्वीस आठवड्यांवर वाटले तर दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये. एवढ्यावर कोणती बाई बाळाच्या डोळ्यांत पाहत घरी बसेल? दुसऱ्या बाळाला पैसे मिळतात ते मुलगी झाली तरच. मुलगा झाला तर आईला विसावा नको असतो काय?

तिसरं, पाळणाघर. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं की कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमावं. कागदावर ते छान होतं. मी ज्या कामांवर गेले तिथे मुलं बांधावर, झाडाला टांगलेल्या झोळीत, आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या राखणीत दिसली. म्हणजे एका मुलाच्या मेंदूची काळजी दुसऱ्या मुलीची शाळा बुडवून.

हे नवं नाही, आणि त्यावरचा उपायही नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, कारण धाकट्याला ठेवायची सोय झाली तरच थोरली शिकणार हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्या वर्धा जिल्ह्यात तर १९४५ सालीच सेवाग्रामला नयी तालीमचा विचार अगदी लहान मुलांपर्यंत आणि त्यांच्या आयांपर्यंत नेला गेला. आज सेवाग्रामच्याच वैद्यकीय संस्थेच्या मदतीने 'आरंभ' या नावाने अंगणवाडी सेविकांना बाळांच्या संगोपनाचं प्रशिक्षण मिळालं आहे. त्यात बाप आणि आजी-आजोबांनाही धरलं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. २०२४ साली केंद्र सरकारने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' हा आराखडा आणला. हे सगळं हवंच. पण वजन, पोषण आहार, मोबाइलवरच्या नोंदी यांखाली वाकलेल्या, मानधनावर राबणाऱ्या सेविकेच्या डोक्यावर ही आणखी एक पाटी ठेवायची आणि पुरेसं मोल द्यायचं नाही, याला काय म्हणावं? इथेही सांभाळ बाईने करायचा आणि फुकट करायचा, हेच गृहीत आहे.

आणि चौथं, मार. कौटुंबिक हिंसेपासून संरक्षणाचा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली बाई घर न सोडता संरक्षण मागू शकते, त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, संरक्षण अधिकाऱ्याने तिला मदत करायची आहे. तरी गावपातळीवर आपण समेटच घडवतो, आणि तोही 'मुलांकडे पाहून सहन कर' असं सांगत. आता तरी हे वाक्य उलटं करू या. मुलांकडे पाहूनच सहन करू नकोस.

मात्र एक भीती आहे, ती बोलून टाकते. हे सारं ऐकून कोणी म्हणेल, तीन वर्षं गेली म्हणजे सगळं गेलं. तसं नाही. लहान वयात वाटा सहज पडतात हे खरं, पण नव्या वाटा पाडायची मेंदूची ताकद जन्मभर उरते. जमैकात १९८६-८७ साली वाढ खुंटलेली १२९ गरीब मुलं निवडली. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं, आठवड्यातून एक तास जात. घरगुती वस्तूंच्या खेळण्यांनी आई आणि मूल दोघांना खेळवत, आईला धीर देत. वीस वर्षांनी ती मुलं कमावती झाली तेव्हा, भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा त्यांची कमाई पंचवीस टक्क्यांनी जास्त होती. आठवड्याला एक तास, घरी आलेली एक बाई, आणि आईशी आदराने बोलणं. याहून वेगळी मोठी यंत्रं लागली नाहीत.

आपल्याकडे अशी बाई दारात येतेच. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी करून दाखवले. त्यातून पुढे देशभर आशाताईंच्या घरभेटी आल्या, आणि २०१८ पासून त्या पंधरा महिन्यांच्या वयापर्यंत वाढवल्या गेल्या. त्या भेटीत बाळाचं वजन विचारतात. त्याच भेटीत 'तू जेवलीस का, तुला कोणी मारतं का' हेही विचारायला आशाताईला वेळ, शिक्षण आणि पुरेसं मोल द्या, ही आपली मागणी असायला हवी.

त्या घरी मी पुन्हा गेले. या वेळी तक्ता नेला नाही. सासूशेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसले आणि झोपेतल्या बाळांचा तो प्रयोग तिला गोष्टीसारखा सांगितला. तिने ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग नातवाकडे न पाहता म्हणाली, "याचा बापबी असाच व्हता. त्याचा बाप ओरडला का कपाशीच्या ढिगामांगं जाऊन बसे. जेवाले बी ये नाही."

ज्याला मी नुसता मारकुटा नवरा म्हणून ओळखत होते, तोही कधीतरी असं बाळ होता. हे मी त्याच्या बचावासाठी लिहीत नाही. घाबरून वाढलेली सगळीच मुलं पुढे हात उगारत नाहीत, आणि तशाच घरांत वाढलेल्या मुली तर बहुधा मार खातच राहतात. उगारलेल्या हाताची जबाबदारी त्या हाताचीच. पण या माळेतला पुढचा मणी ओवायचा की नाही, हे त्या घराने आणि आपण सर्वांनी ठरवायचं आहे. तिने संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे. सासू तिच्यासोबत आर्वीला गेली होती. एवढ्यावरून सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. मुलगा अजून कमीच बोलतो. त्याला तपासणीसाठी नेलं आहे. मात्र संध्याकाळी आजी त्याला घेऊन बाहेर बसते आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक बैलगाडीबद्दल त्याला काहीतरी सांगत असते, आणि तेवढ्या वेळात त्याची आई पाठ टेकते.

आमच्या बैठकीचा तक्ता आम्ही बदलला आहे. आता त्यावर 'आईने काय करावं' असं लिहिलेलं नाही. 'बाळाच्या आईसाठी कोणी काय करावं' असं लिहिलं आहे आणि खाली नवरा, सासू-सासरे, ग्रामपंचायत, सरकार असे चार रकाने आहेत. पुढची बैठक पुरुषांसोबत घ्यायची ठरली आहे. ती कशी होते ते पुढच्या अंकात कळवीन. तुमच्या गावात, वस्तीत हे रकाने कसे भरले गेले, कुठे रिकामे राहिले, ते तुम्हीही लिहून पाठवा. रिकामे राहिलेले आधी कळवा.